गोव्यातली जमीन, वाढती वस्ती आणि 'भायले': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेडणे तालुक्यातला. आजोबा कूळ होते, कूळ कायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीनंतर आमचं शेत आमच्या नावावर झालं, त्यामुळे जमिनीच्या गोष्टी घरात लहानपणापासून ऐकतोय. ग्रामसभेला जातो, कागद काढतो, लोकांना समजावतो, आणि पुणे-मुंबईचे मित्र, सावंतवाडीचे नातेवाईक, गावातली पोरं सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय.

गोव्याची लोकसंख्या खरंच एवढी वाढलीय का?

मुक्तीच्या आधीच्या १९६०च्या जनगणनेत गोव्यात साधारण ५ लाख ९० हजार माणसं होती. १९७१ला ती ७ लाख ९५ हजार झाली, म्हणजे दहाएक वर्षांत जवळजवळ ३५ टक्के वाढ, कारण मुक्तीनंतर सरकारी खाती उघडली, खाणी वाढल्या, मुरगाव बंदर वाढलं आणि माणसं आली. १९८१ला १० लाखाच्या वर, २००१ला साडेतेरा लाखाच्या जवळ, २०११ला १४ लाख ५८ हजार. पण शेवटच्या दहा वर्षांतली वाढ बघा, फक्त ८.२३ टक्के. म्हणजे वेग कमी होत चाललेला.

जन्माने तर गोवा वाढतच नाहीये. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा प्रजनन दर १.३ आला, लोकसंख्या आहे तेवढी टिकायला साधारण २.१ लागतो. मराठी-कोंकणी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडतात त्यामागे हे पण आहे. मग जी काही वाढ होते ती येणाऱ्यांमुळे, हे खरं. २०११नंतर जनगणनाच झाली नाही, पुढची मोजणी १ मार्च २०२७च्या संदर्भ तारखेची आहे, त्यामुळे मधल्या काळात कोणी छातीठोक आकडा सांगितला तर "कुठून काढलास बाबा" असं विचारायचं.

मग एवढे फ्लॅट आणि व्हिला कोणासाठी बांधतायत?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

२०११च्या जनगणनेत गोव्यात साधारण पाचातलं एक घर रिकामं सापडलं होतं. काही घरं परदेशी गेलेल्यांची, काही भावाभावांच्या केसीत अडकलेली, आणि बरीच सेकंड होम, म्हणजे मालक दिल्ली-मुंबई-बेंगळुरूला आणि इथे वर्षातून पंधरा दिवस. पंधरा दिवस येणारा माणूस इथल्या डोकीत धरला जात नाही, पण त्याच्या घरासाठी डोंगर कापला जातो, बोअर मारली जाते, रस्ता रुंद होतो, पोहायचा तलाव आला तर त्याला पाणी लागतं. म्हणून लोकसंख्या ८ टक्क्यांनी वाढते आणि बांधकाम डोळ्यांना दिसेल एवढं कितीतरी पटीने वाढतं, ह्या दोन गोष्टींचा आपापसात मेळच नाही. ग्रामसभेत "माणसं फार झाली" म्हणून ओरडा होतो तेव्हा मी प्रत्येक वेळी हेच सांगतो की माणसं मोजू नका, प्लॉट मोजा, किती सनदा, म्हणजे शेतजमिनीवर बांधायच्या परवानग्या, दिल्या ते विचारा.

त्यात पर्यटक. २०२४ मध्ये एक कोटीच्या वर पर्यटक आले. एक कोटी पाहुण्यांच्या पाण्याची सोय पंधरा लाखांच्या राज्यात करायची म्हटलं तर कशी होणार. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये चांदेलच्या प्लांटचं पाणी कमी पडतं आणि त्याच रस्त्याने टँकर रिसॉर्टला जाताना दिसतात, त्या वेळी बायका कळशी घेऊन उभ्या असतात, त्यांना काय वाटत असेल सांगा.

'भायले' म्हणजे नक्की कोण?

कोंकणीत भायलो म्हणजे बाहेरचा. पण ह्या एका शब्दात आपण चार वेगवेगळी माणसं कोंबतो आणि तिथेच चर्चा बिघडते.

एक, मजूर. विजापूर, गदग, बेळगाव, आणि अलीकडे झारखंड, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशचा. हा बांधकामावर, ट्रॉलरवर, हॉटेलच्या किचनमध्ये. दोन, नोकरदार, बदलीवाला किंवा फार्मा कंपनीत कामाला. तीन, कोविडनंतर लॅपटॉप घेऊन आलेला. चार, पैसे गुंतवणारा, जो बऱ्याचदा इथे राहतच नाही, त्याचा एजंट राहतो. शिव्या पहिल्याला बसतात कारण तो रस्त्यावर दिसतो. जमीन जाते ती चौथ्याकडे, आणि त्याला आम्ही कधी बघितलेलंच नसतं.

लोकांचं मत काय आहे हे कळतं कसं?

गोव्यात लोकांनी आपलं मत बऱ्याचदा स्वतःच मोजून दाखवलंय. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घ्या, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, १,७२,१९१ मतं वेगळं राहायला आणि १,३८,१७० विलीनीकरणाला, फरक ३४,०२१चा. त्या प्रचारात भाषा आणि अस्मिता होतीच, पण मोठ्या राज्यात गेलो तर जमीन आणि नोकऱ्या हातच्या जातील ही भीतीही होती. उलट बाजूला कित्येक कुळांना वाटायचं की विलीनीकरण झालं तर भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, हातातून सुटू. म्हणजे दोन्हीकडे जमीन होतीच.

मग प्रादेशिक आराखडा २०११. ऑगस्ट २००६ला अधिसूचित झाला आणि लोकांनी नकाशे उघडून बघितले तर बागायती, डोंगरउतार, किनाऱ्यालगतच्या जागा सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायच्या वस्तीच्या, दाखवलेल्या. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, डॉक्टर ऑस्कर रिबेलो पुढे होते, डिसेंबरमध्ये पणजीच्या आझाद मैदानावर लोक जमले, आणि जानेवारी २००७ला सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी एसईझेड, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करायची घोषणा करावी लागली. मी तेव्हा कॉलेजला होतो, आणि हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान, मराठीवाले, कोंकणीवाले एकाच मैदानात एकाच मुद्द्यावर बसलेले मी पहिल्यांदा बघितले, ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नोव्हेंबर २०२०ला चांदर इथे रात्रभर लोक रेल्वे रुळांवर बसले, दुपदरीकरण आणि कोळसा वाहतुकीच्या विरोधात. जानेवारी २०२१ला सत्तरीत शेळ-मेळावलीच्या लोकांनी आयआयटीसाठी जमिनीची मोजणी होऊ दिली नाही, बायका पुढे होत्या, शेवटी मुख्यमंत्र्यांना प्रकल्प तिथून हलवतो म्हणावं लागलं. ह्यातलं एकही आंदोलन "परप्रांतीय हटाव" असं नव्हतं, सगळी आमची जमीन आम्हाला न विचारता का बदलता ह्यावर होती.

आणि २०२२च्या निवडणुकीत रिव्होल्युशनरी गोवन्स हा नवा पक्ष नऊ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन एक आमदार निवडून आणतो, तर ते पण मतच, ते न ऐकल्यासारखं करून चालणार नाही.

रिव्होल्युशनरी गोवन्सचं पोगो (पर्सन ऑफ गोवन ओरिजिन) बिल काय आहे? तुम्ही त्या बाजूचे का?

ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा २० डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मले तो मूळ गोमंतकीय, आणि जमीन-घरं-नोकऱ्यांच्या योजनांत त्याला पुढे ठेवा, असा साधारण गाभा. पोरं का त्याच्या मागे गेली ते मला समजतं. आपल्याच गावात भाड्याने खोली परवडत नाही, लग्न झालं की दोन खोल्या बांधायला जागा नाही, आणि समोर व्हिलांची रांग.

पण मला ते पटत नाही. डिचोलीत चाळीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस, त्याची इथे जन्मलेली मुलं कोंकणीत भांडतात, कोंकणीत रडतात, त्यांना एका तारखेने बाहेर काढायचं? आणि दुसरं, भातशेती एखाद्या अस्सल गोवेकर बिल्डरने बुजवली तर ती कमी बुजते का.

झोन बदलतो म्हणजे नक्की काय होतं?

१९७४चा नगर आणि ग्राम नियोजन कायदा. त्याच्याखाली प्रादेशिक आराखडा, म्हणजे कुठे वस्ती, कुठे शेत, कुठे बागायत, कुठे हात लावायचा नाही. २०२१चा आराखडा चार्ल्स कोरिया असलेल्या टास्क फोर्सने तयार केला, गावागावात नकाशे पाठवून लोकांच्या सूचना घेतल्या, संवेदनशील जागांचे दोन वर्ग केले. २०११ला अधिसूचित झाला, २०१२ला सरकार बदललं आणि बाजूला ठेवला, नंतर थोडा थोडा वापरात आला.

सगळ्या गावाने बसून केलेला नकाशा एकेका माणसाच्या अर्जाने बदलायच्या वाटा मग कायद्यात घातल्या गेल्या. २०१८ला कलम १६बी. २०२३ला १७(२), त्याचं म्हणणं असं की आराखड्यात चुकून एखादा प्लॉट शेत किंवा बागायत दाखवला गेला असेल तर ती चूक दुरुस्त करता येईल. ऐकायला ठीक वाटतं, पण अर्ज येत गेले आणि लाखो चौरस मीटर जागा "चूक" म्हणून सेटलमेंट झाली. शेजारच्यांना कळायचं कधी, तर राजपत्रात छापून आल्यावर, नाहीतर थेट जेसीबी आल्यावर. गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२)चे नियम रद्द केले. त्याआधीच, २०२४ला, झोन बदलायचं आणखी एक कलम ३९ए आलं होतं, त्यात राजपत्रात नोटीस आणि सूचना-हरकतींना ३० दिवस आहेत, पण ग्रामसभेला विचारायची सक्ती नाही.

माझं म्हणणं एवढंच की गाव ज्या नकाशावर बसून बोललं तो एका अर्जावर बदलायचा अधिकार कोणाकडेच असू नये, मग अर्जदार दिल्लीचा असो की माझा सख्खा चुलतभाऊ.

खाजन बुजवलं तर एवढा गदारोळ का? पडीकच तर असतं.

पडीक दिसतं म्हणून पडीक नसतं हो. खाजन म्हणजे खाडीच्या भरती-ओहोटीतून बांध घालून आपल्या पूर्वजांनी मिळवलेली जमीन, शेकडो वर्षांपूर्वीची. बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. भरती आली की दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. पावसात खारटपणा धुऊन निघाला की कोरगुट नावाचं खारं पाणी सोसणारं भात पिकतं, आणि मानशीवर मासे-सुंगटं (कोळंबी) मिळतात, त्याचा लिलाव होतो. बांधाची डागडुजी गावकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गावकऱ्यांची जुनी संस्था, बघायची, तिलाच कोमुनिदाद म्हणतात.

ह्यात एका कोपऱ्यात भराव टाकला की पाणी काय करणार, ते शेजारच्या शेतात शिरणार. तिथे दोन हंगाम खारं पाणी राहिलं की शेत मेलं, मग मालक म्हणतो आता पिकत नाही तर विकतो. एक भराव दहा शेतं विकायला लावतो. आमच्या वाड्याच्या खालच्या बाजूला असंच झालं, आधी रस्त्याकडेला चार ट्रक माती पडली, कोणी बोललं नाही, दोन वर्षांत माझ्या काकीच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. साठ वर्षं त्या विहिरीचं पाणी प्यायलेली बाई आता बाटली विकत घेते.

शेतजमीन विकायला बंदी आहे ना?

२०२३चा कायदा आहे, भातशेती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण काजूचे डोंगर आणि उतारावरच्या बागायती हे वेगळं प्रकरण, आणि आता डोळा जास्त तिकडेच आहे कारण उंचावरून समुद्र दिसतो.

विकतात तर गोवेकरच ना? मग बाहेरच्यांना का बोलता?

हो, आपणच विकतो. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पण का विकतात ते पण बघा. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे वारसा सगळ्या मुलामुलींत समान, आणि विकताना नवराबायको दोघांची सही. न्याय्य कायदा आहे, त्याचा अभिमानच आहे. पण तीन पिढ्या इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, केली नाही की एका भाटाला (बागायतीला) तीस-चाळीस वारस, कोण कुवेतला, कोण लंडनला, कोण कुर्ल्याला. एकमेकांशी बोलणं नाही. अशा वेळी एजंट येतो, दोन वारसांचा अविभक्त हिस्सा विकत घेतो, आणि उरलेल्यांना वर्षानुवर्षं कोर्टात लढण्यापेक्षा पैसे घेतलेले बरे वाटतात. त्यात खोटी कागदपत्रं करून बंद घरं हडप करायचे प्रकार इतके झाले की २०२२ला सरकारला एसआयटी नेमावी लागली आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग पण.

शेतीत मजुरी परवडत नाही, खाणी २०१२ला बंद पडल्या तेव्हा ट्रकांचे हप्ते थकले, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचं डायलिसिस. विकणाऱ्याला गद्दार म्हणणं सोपं आहे, मी म्हणत नाही. फक्त एक विनंती करतो, विकायच्या आधी शेजाऱ्याला आणि गावात विचारा, कधीकधी गावातच घेणारा निघतो.

मजूर नकोत असं तुमचं म्हणणं आहे का?

अजिबात नाही. आमची भातं कापायला, आंबे काढायला, ट्रॉलर समुद्रात न्यायला तेच येतात. आणि त्यांना खोल्या कोण भाड्याने देतं, आपणच, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, एक संडास, आणि मग आपणच म्हणतो घाण करतात.

'घाटी' हा शब्द मला सहन होत नाही. घाटावरून आलेला एवढाच त्याचा मूळ अर्थ, पण ज्या आवाजात तो उच्चारला जातो तो आवाज मी बाजारात ऐकलाय, आणि ज्याला म्हटलं त्या पोराचा चेहरा पण बघितलाय. तो सातवीत होता, आमच्याच शाळेत.

कोमुनिदादच्या आणि सरकारी जागेतली अनधिकृत घरं हा खरा गुंता. २०२५ला विधानसभेने २८ फेब्रुवारी २०१४च्या आधीची घरं नियमित करायचा मार्ग काढला. त्यात वर्षानुवर्षं राहणारी गोवेकर कुटुंबं पण आहेत आणि बाहेरून आलेली पण, त्यामुळे गावकार चिडलेत, राहणारे सुटकेचा श्वास सोडतायत. मला दोन्ही बाजू कळतात. पण मतांसाठी आधी बसू द्यायचं, मग वीज-पाणी द्यायचं, आणि वीस वर्षांनी कायदा करायचा, हे चक्र ज्या राजकारण्यांनी चालवलं त्यांना कोणी विचारत नाही.

कायद्याने बाहेरच्यांना जमीन घ्यायला बंदी घालता येईल का?

घटनेच्या कलम १९ने कुठल्याही भारतीयाला देशात कुठेही राहायचा हक्क आहे, वाजवी निर्बंध घालता येतात. हिमाचलमध्ये तिथल्या जमीन कायद्याचं कलम ११८ आहे, तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. नागालँड-मिझोरामला घटनेतच जमिनीचं संरक्षण आहे. गोव्यासाठी ३७१आय आहे, पण त्यात फक्त विधानसभेत किमान तीस आमदार असतील एवढंच. म्हणून खास दर्जाची मागणी पुन्हा पुन्हा होते. मागणी करत राहू, पण तोपर्यंत जे कायदे हातात आहेत ते तरी नीट वापरूया.

मराठी बोलणारा म्हणजे भायलो का?

नाही! २०११ला गोव्यात ६६ टक्के लोकांनी कोंकणी आणि जवळजवळ ११ टक्के लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. देवळातली भजनं, जत्रेतली नाटकं, घरातली पोथी, आमच्याकडे सगळं मराठीत. १९८७च्या राजभाषा कायद्यात पण मराठीच्या वापराला जागा आहे. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या मराठी वाचली जाते त्याला बाहेरचा म्हणणारा माणूस गोवा ओळखत नाही.

गोवेकर स्वतः बाहेर जातात त्याचं काय?

जातात, आणि शंभर वर्षांपासून जातायत, आधी मुंबई, आफ्रिका, मग आखात, आता पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंड. स्विंडनला तर आख्खे वाडे गेलेत. १९ डिसेंबर १९६१च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना तो हक्क मिळतो. तिकडे आपल्या पोरांना कोणी "परत जा" म्हटलं की आपल्याला किती लागतं, ते इथे कोणाला बोलताना आठवायला पाहिजे.

मी सिंधुदुर्गात राहतो, मला ह्याच्याशी काय करायचंय?

खूप काही. २००१ ते २०११ मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या सव्वादोन टक्क्यांनी आणि रत्नागिरीची पावणेपाच टक्क्यांच्या वर कमी झाली. माणसं कमी झाली पण जमिनी विकल्या गेल्याच ना? दोडामार्गात डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले. आता मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३पासून चालू झालाय, बांदा-सातार्डा-आरोंदा इथून हाकेवर, गोव्यात भाव परवडत नाही म्हणून तेच एजंट आता तिकडे फिरतायत. महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, तरी विक्री थांबलेली नाही हे तुम्ही रोज बघता. गोव्यात वीस वर्षांत जे झालं ते तुमच्याकडे पाच वर्षांत होईल, आमच्या चुका बघून ठेवा.

म्हणजे तुम्ही विकासाच्या विरोधात?

मला रस्ता पाहिजे, हॉस्पिटल पाहिजे, माझ्या भाचीला इथेच नोकरी पाहिजे. टेकडीवर रिकामे राहणारे बंगले नकोत.

मी एकटा काय करू शकतो?

आपल्या गावाचा प्रादेशिक आराखड्याचा नकाशा नगर नियोजन खात्याकडून घ्या आणि आपल्या वाड्याभोवतीचे सर्व्हे नंबर त्यावर ओळखून ठेवा. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) वर्षातून एकदा काढा, विशेषतः घरातले परदेशी असतील तर. राजपत्र बघायची सवय लावा, गावात चार पोरांनी पाळी लावून बघितलं तरी पुरतं, झोन बदलाची नोटीस दिसली की तीस दिवस मोजायला घ्या आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या, तोंडी बोललेलं कोणी धरत नाही. हरकतीत भावना लिहू नका, झरा कुठे आहे, उतार किती, पाणी कुठे जातं, रस्ता किती मीटरचा ते लिहा, फोटो जोडा. ग्रामसभेत ठराव मांडलात तर तो इतिवृत्तात शब्दशः आलाय का हे पुढच्या सभेत वाचून घ्या, कारण आमच्याकडे एकदा "विरोध" हा शब्दच गाळला गेला होता आणि ते आम्हाला सात महिन्यांनी कळलं. भराव पडताना दिसला तर त्याच दिवशी तलाठी, मामलेदार आणि पंचायत तिघांना कळवा. रविवारी माती पडते, कारण ऑफिस बंद असतात, म्हणून शनिवारी रात्रीच फोन चार्ज करून ठेवा.